त्रस्त रहिवासी

१९ डिसेंबर

गप्प बस! वही आहेस, माझी सासू नाहीस. "रोज एक तरी चांगली गोष्ट लिही" असं ताईने बजावलंय, म्हणून लिहितेय. घे, आजची चांगली गोष्ट — फरशी.

खाली बेकरीची भट्टी, वर माझी खोली. पलंगाशेजारच्या चार फरश्या अशा मस्त गरम, की सकाळपासून पालथी पडून आहे. ऑफिसला सुट्टी. सुट्टीत कादंबरी लिहायची होती. कादंबरी गेली खड्ड्यात!

२० डिसेंबर

फरशीवर वाळलेले गरम मोजे. प्रेमबिम सगळं झूट.

२२ डिसेंबर

मेले.

भट्टीवाले काका वर आले. हातात नगरपालिकेची नोटीस, सोबत तक्रारीची टाइप केलेली प्रत. "पहाटेपासून खडखड, धूर, उष्णता असह्य." खाली — एक त्रस्त रहिवासी.

ती मीच! मे महिन्यात लिहिलं होतं, घामाने निथळत. सात महिन्यांनी जागे झाले लेकाचे! एकतीसपर्यंत खुलासा द्या, नाहीतर भट्टी बंद.

"लेखिकाबाई, तुम्ही शिकलेल्या. उत्तर तेवढं लिहून द्या ना." जाताना गरम बिस्किटांची पुडी ठेवून गेले. पाच खाल्ली. लाज वाटली. मग सहावं खाल्लं.

२४ डिसेंबर

माझ्याच अर्जाला उत्तर लिहितेय. अर्ज इतका झकास जमलाय, की खोडताच येत नाही! "उष्णता असह्य"वर काय लिहू — पोट टेकवून बघा?

२६ डिसेंबर

काकांनी गुन्हेगार शोधला. भट्टीच्या भिंतीपलीकडचे शिंपीमामा! का, तर उन्हाळ्यात ते एकदा म्हणाले होते, "भाजून काढतोस रे आम्हाला." बस, एवढंच!

वीस वर्षं दोघं दुपारचा चहा बरोबर पितात. आज काकांनी मामांचा कप बाहेर पायरीवर ठेवला. "तुझा तू पी!"

मामांनी तो उचलला. कप शर्टाला पुसला, आत गेले.

मी खिडकीतून बघत होते. पाय गरम, तोंड बंद.

२७ डिसेंबर

चांगली गोष्ट — नाही. फरशी तशीच गरम आहे. पडवत नाही तिच्यावर.

३० डिसेंबर

नगरपालिकेत गेले. खुलासाबिलासा नको, तक्रारच मागे घेते म्हटलं. तासभर रांग.

कारकून म्हणाला, "ती भट्टीची? काल मिटली. अर्जदार स्वतः येऊन मागे घेऊन गेले."

"कोण अर्जदार?"

"ते शिंपी."

तशीच मामांकडे धावले. ते बटण लावत होते. "तुम्ही केलीच नव्हती तक्रार!"

"नाव तर माझंच झालंय ना? मग त्याचा उपयोग तरी होऊ दे. थंडीत माझे गुडघे त्या भिंतीच्या उबेवर चालतात, पोरी." दोरा दाताने तोडला. "सुई ओवून दे जरा."

ओवून दिली. खरं काही सांगितलं नाही. वा रे मी!

३१ डिसेंबर

खाली काका गिऱ्हाइकांना ओरडून सांगतायत, "कबूल केलं शेवटी शिंप्याने!" मामांच्या मशीनचा आवाज थांबलाय.

जिन्यावरूनच ओरडणार — मी केली तक्रार! — म्हणजे माघार नाही. चप्पल घातली. चालले.