डबा दादाकडेच जावा

काल रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे अक्षर वाकडं दिसलं तर कुणी भलता संशय घ्यायला नको. कारण एकच. आज संध्याकाळी मी विमानात बसणार आहे, जन्मात पहिल्यांदा. मी लिफ्टमध्येसुद्धा कठडा घट्ट धरून उभी राहते, आणि माझ्या नवऱ्याचं कामच लिफ्ट दुरुस्तीचं आहे. तो म्हणाला, "अगं, विमान काही दोराला लटकलेलं नसतं." मी म्हटलं, "तेच तर. दोर तरी असता."

तर मी, खाली सही करणारी, कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीवर काम करणारी, एका मुलीची आई, 'आवाज बंद करा' या बँडमध्ये गाणारी आणि गिटार वाजवणारी, डोकं ठिकाणावर असताना, कुणी मागे लागलेलं नसताना, माझ्या हाताने हे लिहून ठेवते. कोर्टाबाहेर टाइप करतात ते काका म्हणाले, एवढं वर लिहावंच लागतं, नाहीतर मागाहून नातेवाईक म्हणतात बाईला वेड लागलं होतं. वेड लागलेलं आहेच, पण ते वेगळं आणि जुनं. माझी शाळा सातवीत सुटली, त्यामुळे ऱ्हस्वदीर्घावरून वाद काढू नये.

पहिलं कलम पोरीचं. मी परत आले नाही तर ती तिच्या बाबाकडे आणि आईंकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे राहील. यात दुसरा विचार नाही. पण पोर अंगाईने झोपत नाही हे ध्यानात ठेवावं. अंगाई लावली की ती डोळे मोठे करून बघते, जसं काही आपण तिला फसवतोय. तिला आमचं टाकीतलं गाणं लागतं. मोबाइल रिकाम्या पातेल्यात ठेवायचा, पातेलं पाळण्यापासून लांब दाराशी ठेवायचं, आवाज बारीक. गिटारचा तो लांबलचक घूंऽऽ सुरू झाला की तिची मूठ सुटते. ही पातेल्याची युक्ती आईंची आहे. त्याच आई एकदा म्हणाल्या होत्या, "हे गाणं आहे की ट्रकमधून भांडी सांडली?" त्याबद्दल माझ्या मनात आता काही नाही.

टाकीचं आलंच आहे तर मुळापासून सांगते, नाहीतर पुढच्या कलमांत कुणाला काय का दिलं ते कळणार नाही.

कारखान्यात शिलाईची मशीनं एकदम सुरू असली की शेजारचीला शेजारचं ऐकू येत नाही. मी त्या आवाजात गायचे. कुणाला पत्ता नाही, मुकादमालाही नाही. आपलं गाणं आवाजाच्या खाली ठेवायचं, गोधडीखाली पोर असतं तसं. आहे हे माहीत असतं, दिसत नाही. मी हे दादाला सांगितलं. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ, तेव्हा स्पीकर दुरुस्तीच्या दुकानात होता. तो हसला नाही. दोन दिवसांनी भंगारातल्या घंटीचा आणि फुटक्या रेडिओचा एक डबा करून आला. गिटारची वायर डब्यात घालायची, पायाने दाबायचं, की सूर खरखरीत आणि मोठा होऊन बाहेर येतो. मी अनवाणी अंगठ्याने दाबलं आणि सगळी मशीनं, सगळी वाफ, सगळा कारखाना त्या एका तारेतून बाहेर आला. माझ्या अंगावर काटा आला होता, आत्ता लिहितानाही येतोय.

दुसरं गिटार दादाने घेतलं, ड्रमला बेकरीवाला मिळाला. त्याने बेकरीमागची पिठाची खोली दिली, कारण पोती आवाज पितात. पुरता पीत नव्हती. वरच्या मावशी रोज जिन्यात येऊन ओरडायच्या, "आवाज बंद करा." बँडला नाव हवंच होतं, तेच ठेवलं. मोठं बेस गिटार घेऊन बसवाली ताई आली. शाळेची बस चालवते. म्हणाली, "दिवसभर पोरांचा गोंगाट फुकट ऐकते, जरा माझाही ऐकू दे कुणाला."

पहिला कार्यक्रम त्याच खोलीत. जेमतेम वीसेक माणसं मावली. दुसऱ्या गाण्याला मी डबा पुरता दाबला आणि छतावर वर्षानुवर्षं बसलेलं पीठ सुटलं. हळूहळू, सगळ्यांवर. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, कुणी हललं नाही. मी मान वर केली नव्हती, मी नेहमी पायांकडेच बघते, डबे तिथे असतात. मला फक्त माझे अंगठे पांढरे होताना दिसले. लोकांना वाटतं मी लाजते. लाजत नाही, कामात असते.

त्यानंतर आम्ही गाड्या धुवायच्या शेडमध्ये वाजवलं, बंद पडलेल्या जिममध्ये वाजवलं, एकदा नवऱ्याच्या ओळखीने अर्धवट इमारतीच्या तळघरात वाजवलं. तिथे वीज गेली आणि लोक अंधारात शेवटचा सूर तोंडाने लावून उभे राहिले. मोठ्या हॉलवाल्यांनी कधी दार उघडलं नाही. एक म्हणाला, "तुमचा साउंड बिघडलाय." बेकरीवाला म्हणाला, "साहेब, बिघडवायला वर्षं गेली."

मग रिकामी पाण्याची टाकी. शिडीने आत उतरून गाणं रेकॉर्ड केलं. मी सातव्या महिन्यात होते, गिटार पोटावर टेकलेलं. एक सूर लावला की टाकी तो परत आणून देत होती, मोठा करून, आणि आतून पोर लाथा मारत होती, अगदी ठेक्यात. आई वर झाकणापाशी कानात कापूस घालून बसल्या होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "शब्द काही कळले नाहीत. पण छातीत कुणीतरी पाय आपटत होतं. बरं वाटलं."

भांडण त्याच गाण्यावरून झालं. दादाला माझा आवाज वर घ्यायचा होता. म्हणाला, "तू काय गातेस ते कुणाला कळत नाही."
"कळायला ती काय बातमी आहे?"
"असंच राहिलं तर पिठाच्या खोलीतच म्हातारी होशील."
"तू जा ना मग, ज्या हॉटेलाने तुला बोलावलंय तिथे जा, लोकांच्या ढेकरांना साथ दे."
"तिथे निदान माणसं बसून जेवतात. तुमच्याकडे कान धरून पळतात."

तो खरंच गेला. आता मोठ्या हॉटेलात, जेवणाऱ्यांसमोर, मऊ मऊ गाणी वाजवतो. जाताना म्हणाला, "मी फोन करणार नाही." मी म्हटलं, "मीही नाही, पोरीची शपथ." पोर तेव्हा जन्मायची होती, तरी शपथ ती शपथ. त्याने भाचीला अजून पाहिलेलं नाही.

इथे नोंद करावी की मी बरोबर होते. गाणं आम्ही माझा आवाज खालीच ठेवून बाहेर सोडलं, आणि समुद्रापलीकडच्या लोकांनी ते ऐकलं. आम्हाला तिकडे वाजवायला ज्यांनी बोलावलंय त्या बाईंनी फोनवर सांगितलं, "तुमचा आवाज शोधायला मी ते पुन्हा पुन्हा लावते." मी फोन ठेवला आणि इस्त्री तशीच शर्टावर राहिली. शर्टाचं भरून दिलं, हरकत नाही. मोठं स्टेज आहे म्हणे, माणसाहून उंच स्पीकर. बेकरीवाला चार दिवस पीठ मळताना ठेका धरतोय, पाव वेडेवाकडे येतायत आणि गिऱ्हाईक काही बोलत नाही. सगळ्या गल्लीला कळलंय. वरच्या मावशी काल जिन्यात म्हणाल्या, "तिकडे जाऊन आवाज बंद करू नका हं."

आता वाटणी. लाल गिटार पोरीला. ती तारा चावते, तोवर उंचावर ठेवावं. मोठं झाल्यावर तिला नको असेल तर जबरदस्ती नाही, पण विकण्याआधी एकदा अनवाणी पायाने वाजवून बघावं.

स्टीलचं कपाट, पासबुक आणि माझ्या दोन बांगड्या आईंना. त्या पोरीसाठीच ठेवतील हे मला माहीत आहे, म्हणून त्यांना.

शिलाई मशीन मावशींना, वरच्या. त्यांनाही थोडा आवाज करू दे.

मुकादमाला काही नाही. मी बाळंतपणाची रजा मागितली तेव्हा "तुम्ही बायका" असं म्हणून त्याने वाक्य अर्धवट सोडलं होतं. ते त्याने पूर्ण करावं, मग बघू.

नवऱ्याला मी सगळी दिलेलीच आहे, वेगळं काय लिहू. एक माफी त्याच्या नावे लिहिते, ती नीट वाचावी. परवा त्याने मला न सांगता डबा उघडला. प्रवासात बिघडू नये म्हणून. त्याला मोडकी वस्तू बघवत नाही, तो माणूसच तसा आहे, मलाही त्याने असंच सांभाळलं. आत एक तार सैल होती, तिच्यात चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी दुमडून अडकवलेली. त्याने चांदी काढून टाकली, तार घासली, छान सोल्डर केलं आणि मला बोलावलं. "बघ, खरखर गेली." मी अंगठ्याने दाबलं. आवाज अगदी स्वच्छ आला, दवाखान्याच्या फरशीसारखा. मी म्हटलं, "छान झालं हं," आणि पोरीला घेऊन गच्चीत गेले.

ती चांदी कचरा नव्हती. डबा तीच होती. दादाने ती कशी दुमडली होती, किती सैल ठेवली होती, ते फक्त त्याच्या बोटांना माहीत. काल बेकरीवाल्याने आणि मी पुष्कळ चॉकलेटं आणली, चांद्या घालून घालून पाहिल्या. डबा एकदा शिंकला, बाकी काही नाही. बेकरीवाल्याची दाढ मात्र ठणकतेय. नवऱ्याला कुणी काही बोलू नये. त्याने प्रेमाने केलंय, आणि सोल्डर खरंच सुबक आहे.

तर शेवटचं कलम. डबा दादाचा आहे, दादाकडेच जावा. त्याने माफी मागू नये, मागणारही नाही. मीही मागत नाही, वर लिहिलंय कोण बरोबर होतं. पण मी नसले तर दुनियेत तो आवाज काढणारा एकटा तोच उरेल, आणि मी असले तरी आत्ता एकटा तोच आहे.

याआधी मी काही लिहून ठेवलेलं नाही, हेच पहिलं आणि हेच खरं.

ठिकाण: बेकरीमागची पिठाची खोली
तारीख: विमानाचीच
सही: (माझी)

साक्षीदार: बेकरीवाला. बसवाली ताई.
दोघांना काही दिलेलं नाही, कारण टाइपवाले काका म्हणाले साक्षीदाराला द्यायचं नसतं. तुमच्याकडे माझं काय काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे.

कागदाला जागा उरली म्हणून लिहिते. असा कागद माणूस गेल्यावर उघडतात. पण साक्षीदार सही करताना वाचतातच, तुम्ही दोघं तर नक्कीच. मला भीती वाटते, विमानाची, आणि तिथे उंच स्पीकरसमोर तो स्वच्छ आवाज निघायची, जास्त कशाची ते सांगता येत नाही. फोन न करण्याची शपथ माझी आहे, तुमची नाही. त्याचा नंबर या खोलीतल्या दिव्याच्या बटणाशेजारी पेन्सिलीने लिहिलेला आहे, मी पुसलेला नाही. गाडी निघायला दुपारभर वेळ आहे, आणि हॉटेल दुपारी बंद असतं. भाची जागी असेल म्हणावं. येताना चॉकलेट आण म्हणावं, कुठलं ते त्याला माहीत आहे. हे जो कुणी वाचतोय त्याने मी मरायची वाट बघू नये, सही नंतर करावी, आधी माझ्या दादाला फोन लावावा.