मोरीखालचे पाइप

१९ जानेवारी १९८८

मोरी परत तुंबली! भांडी घासायच्या दगडावर घाण वर आली. पुढं माझ्या खानावळीत मॅन्शनमधली, म्हणजे शेजारच्या लॉजवर राहणारी, पोरं जेवायला बसलेली, आणि मागून हा वास. एकजण नाकाला रुमाल लावून रस्सम-भात खात होता. म्हटलं, रुमाल काढ नाहीतर ऊठ. उठला मेला.

गवंड्याला बोलावून अंगण खणवलं. वाळूच सगळी, हातभर गेलं की खारं पाणी. पाइप सिमेंटचा, बाबांच्या वेळचा. खालची बाजू धड, वरची पार खाल्लेली. बोट लावलं तर पीठ हातात. गवंडी म्हणतो, "आतून गॅस खातो अक्का, बाहेरून मीठ. समुद्राजवळ सिमेंट टिकत नाही."

२० जानेवारी

एकोजी अंबत्तूरहून आला. आई गेल्यावर या भावाला मीच वाढवलं. घर बाबांनी त्याच्या नावावर केलं, राबते मी. तो तिकडे कारखान्यात सुपरवायझर आहे, म्हणून पाइप आणायचं काम त्याच्याकडे.

"लोखंडी घालू?" म्हणाला. दारातला नळ बघ म्हटलं, पापुद्रे निघताहेत! "मग सिमेंटच?" — अरे, आत्ता काय खणून काढलं? कैरीचं लोणचं मी कशात घालते? चिनीमातीच्या बरणीत. आईची बरणी, आतून अजून चकचकीत. तसल्याच भाजलेल्या मातीचे, काचेसारखा लेप दिलेले पाइप मिळतात. ते आण.

"एवढं टिकाऊ कशाला पण, अक्का?"

कशाला म्हणजे? मी मेल्यावरही या घरात चूल पेटली पाहिजे!

हसला. "तू इंजिनिअर व्हायला हवी होतीस." तिसरीतून शाळा सुटलेल्या बाईला! पण म्हणाला, "तुझी शपथ, तेच आणतो."

२३ जानेवारी

तंजावरला निघते. चुलतबहिणीच्या लेकीचं डोहाळजेवण. खड्डा उघडा टाकून कोण जातं? मी नाहीच म्हणत होते. एकोजीनंच लावून धरलं, "जा ग. मी रजा काढलीय, उभा राहून काम करून घेतो."

बरं वाटलं. आजवर सगळीकडे मीच उभी.

२८ जानेवारी

परत आले. खड्डा बुजवून वर फरशीसुद्धा घातली! बादलीभर पाणी ओतलं, सरसर गेलं. एकोजीला पुरणपोळ्या करून पाठवल्या.

३० जानेवारी

विटांच्या ढिगामागे पाइपचा उरलेला तुकडा. करडा. सिमेंट! नवंकोरं सिमेंट!

तिथंच बसले. भात करपला.

३१ जानेवारी

एकोजी आला. तुकडा त्याच्या पुढ्यात ठेवला. आधी म्हणे, "तुझ्या बरणीचे मिळाले नाहीत ग." इथल्या पॅरीजच्या पाइपबाजारात जाऊन विचारू का म्हटलं. मग मान खाली. "हेही दोन-चार वर्षं जातात. पुष्कळ झालं."

कोणाला पुष्कळ? कॉफी अर्धी टाकून गेला.

माझी शपथ घेतली होती त्यानं! ताप आला की माझ्या मांडीवरच झोपायचा हा. माझी शपथ म्हणजे काय, उष्टं पान? थोडे पैसे जास्त पडत होते, तर माझ्याकडे मागायचं होतं. तोंडावर "नाही" म्हणायचं होतं. भांडले असते, विसरले असते. मला गावाला धाडून केलं, ते कसं विसरू?

२ फेब्रुवारी

त्याचा निरोप — रविवारी जेवायला येतो. येऊ नको म्हणून कळवलं.

६ फेब्रुवारी

स्वतः जाऊन पाइप आणले. तपकिरी, गुळगुळीत. टिचकी मारली की कसे वाजतात! हातगाडीवाला म्हणतो, "पाट्टी, हे तुमच्या नातवंडांनंतरही राहतील." पाट्टी म्हणजे आजी! त्याला चांगलं सुनावलं. पण हसू आलं, किती दिवसांनी.

उद्या फरशी फोडायची. एकोजीला कळवणार नाही.

७ फेब्रुवारी

गवंडी आला, पण पहार उचलेना. "अक्का, तुम्हाला सांगितलं नाही एकोजींनी? घर बिल्डरला दिलंय. उन्हाळा संपला की पाडणार. मग हे कशाला पुरायचे?"

मी म्हटलं, खण.