दहापैकी साडेचार

२ मार्च, सोमवार
आजपासून रोज नोंद. पूर्णपणे खाजगी. वही कपाटात, स्वेटरांच्या खाली. घरात मी, बायको आणि आई. म्हणजे चोरून वाचू शकणारे डोळे चार.

मुलाखत बारा तारखेला. कन्सल्टिंग कंपनी. अकरा वर्षं टाइल्सच्या कारखान्यात डिस्पॅच सांभाळणारा माणूस खरा कुठल्या पातळीचा आहे, हे जगाला कळायची वेळ आली आहे. ही मुलाखत साधीसुधी नसते. एक आजारी कंपनी पुढ्यात टाकतात. नफा का घटला विचारतात. अर्ध्या तासात आपण दुखणं शोधायचं आणि औषधही सांगायचं. याला केस म्हणतात. नापास झालं तर पुढची दोन वर्षं अर्ज करता येत नाही. माझं वय छत्तीस.

तेव्हा तयारी झाल्याशिवाय जायचं नाही. आणि पुराव्याशिवाय तयारी झाली असं म्हणायचं नाही.
निकष ठरवला: लागोपाठ दहा केसमध्ये दहापैकी आठ किंवा जास्त.

४ मार्च
हेडफोनबरोबर सराव. (हेडफोन म्हणजे सरावाचा जोडीदार. दुसऱ्या शहरात विमा कंपनीत आहे. आजवर फक्त स्क्रीनवर पाहिला, तोही डोक्यावर भले मोठे हेडफोन लावलेला.) पद्धत ठरलेली. एकाने मुलाखतकार व्हायचं, दुसऱ्याने उमेदवार. संपल्यावर उमेदवारानेही मुलाखतकाराला फीडबॅक द्यायचा: दोन चांगल्या गोष्टी, दोन वाईट, दहापैकी गुण. मग अदलाबदल. हा नियम माझा. तोंडावर सांगायचं, भीड ठेवायची नाही.

आज त्याने मला नऊ दिले. शंकेची पाल चुकचुकली. त्यानेही त्याच कंपनीत अर्ज केला आहे. प्रतिस्पर्ध्याला कोण नऊ देतं? हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं आणि मला गाफील ठेवायचं, असा डाव दिसतो. नऊ रद्द.

५ मार्च
त्याला स्पष्ट सांगितलं, कडक तपास. आज सहा दिले.
काल नऊचा माणूस आज सहाचा कसा होतो? जळतो. सहाही रद्द.

८ मार्च, रविवार
तटस्थ मुलाखतकार हवा होता म्हणून आईला बसवलं. कागद हातात दिला. प्रश्न: बुटांच्या दुकानाचा नफा घटला आहे, कारणं शोधा. आईने प्रश्न वाचला आणि त्याच दमात खाली छापलेलं उत्तरही वाचून टाकलं. म्हटलं, आई, उत्तर मी द्यायचं असतं. म्हणाली, इथे दिलंय की, तू कशाला त्रास करून घेतोस.
शेवटी तिने विचारलं, मग बंद केलं का त्यांनी ते दुकान? केसमध्ये तसं काही नसतं म्हटलं तर तिचा विश्वास बसेना. चालत नाही ना, मग बंदच केलं असणार, म्हणाली.
गुण दिले नाहीत. विचारून सांगते म्हणाली. कोणाला?

९ मार्च
बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. दिवसभर लोकांचं रक्त काढते, संध्याकाळी माझं आटवते. आज म्हणाली, तुझी तयारी कधीच झालीय, जा आता. पुरावा मागितला. म्हणाली, आमच्याकडे रिपोर्ट नॉर्मल आला की पेशंट घरी जातो, तू रोज नव्याने हात पुढे करून बसतोस.
यात तिचा स्वार्थ आहे. जानेवारीपासून जेवणाच्या टेबलावर माझे तक्ते पसरलेले आहेत. आम्ही तिघं ओट्यापाशी उभे राहून जेवतो. तिला टेबल परत हवं आहे. हितसंबंध गुंतलेल्या व्यक्तीचं मत ग्राह्य धरता येत नाही.

११ मार्च
मुलाखत पुढे ढकलायची विनंती केली. कारण: दाढ. वीस मिनिटांत उत्तर आलं, हरकत नाही, सव्वीस तारखेला ठेवू. इतक्या सहज? कुठेतरी पाणी मुरतंय.
हेडफोन उद्या मुलाखतीला जातोय. एकूण एकोणीस केस करून. माझ्या सत्तेचाळीस झाल्या. त्याला म्हटलं, थांब, घाई करू नकोस. म्हणाला, जे होईल ते होईल, जाऊन येतो. बिचारा.

१७ मार्च
कारखान्यात साहेबांनी विचारलं, ट्रक गेला का. मी म्हटलं, याचे तीन भाग करून बघू: माल, वाहन आणि रस्ता. साहेब म्हणाले, हो की नाही ते सांगा. ज्या माणसाला रचनेची किंमत नाही त्याच्या हाताखाली अकरा वर्षं काढली. (ट्रक गेला नव्हता.)
जाताना त्यांनी दाढेची चौकशी केली. कारखान्यातही रजेसाठी तेच कारण दिलं होतं. कुठली, डावी की उजवी? कशासाठी विचारलं असेल? डावी सांगितली. लक्षात ठेवणे: डावी.

२४ मार्च
हेडफोनकडून आठ, आठ, नऊ, आठ, आठ, साडेआठ. लागोपाठ सहा. अजून चार आले तर जावं लागेल.
सहाही केस दुकानांच्या होत्या. सोप्या होत्या. रद्द.
मुलाखत पुन्हा पुढे ढकलली. तीच दाढ. नवी तारीख १६ एप्रिल, दुपारी तीन, ऑनलाइन. खाली एक ओळ: यानंतर तारीख बदलता येणार नाही. म्हणजे मी हवा आहे त्यांना. नको असतो तर इतकी वाट कशाला पाहिली असती?

२ एप्रिल
हेडफोनची निवड झाली. एकोणीस केसवर.
अभिनंदन केलं. फोन ठेवल्यावर बराच वेळ गॅलरीत उभा होतो. वाईट वाटलं, खोटं का लिहू. नंतर विचार केला: त्यांना विम्यातलाच माणूस हवा असणार. सगळं आधी ठरलेलं असतं.

६ एप्रिल
हेडफोन म्हणतो, माझं झालं तरी तुझा सराव घेतो. का? आता याला काय मिळणार? उलट आता तो त्यांचा माणूस. माझे कच्चे दुवे आतल्या आत पोचवत नसेल कशावरून?
तरी त्याचा उपयोग करून घ्यायचा ठरवलं. मी मागणी केली: मला अचानक परीक्षा हवी. एखादा अनोळखी माणूस पाठव. त्याने कंपनीचा भागीदार असल्याचं सोंग करावं, अवेळी फोन करावा, खरं की खोटं मला कळता कामा नये. दडपणाखाली टिकलो तरच तयारी पक्की.
तो म्हणाला, बघतो.
अर्थ उघड आहे. हो म्हणाला असता तर मला कळलं असतं.

१३ एप्रिल
वॉटर फिल्टरवाल्याचा फोन. आवाज जरा जास्तच आत्मविश्वासाचा वाटला. ओळखलं. त्याच्या कंपनीची विक्री का घटत असेल, ते सात मिनिटं मांडलं. तो शेवटी म्हणाला, सर, तुम्हाला फिल्टर हवाय का. खराच फिल्टरवाला निघाला. किंवा फार तयारीचा नट.
एकूण केस: ऐंशी. त्यातल्या रद्द: ऐंशी.

१६ एप्रिल, सकाळी ८
आज तीन वाजता. इलाज नाही, जावंच लागणार. कोट इस्त्री करून दाराला टांगला. रजा टाकली (डावी दाढ). तयारी झालेली नाही हे मला आतून माहीत आहे.

दुपारी १२.५५
आज हसू आवरत नाही. पावणेबाराला एका बाईंचा फोन. कंपनीतून बोलतेय, आमच्या भागीदारांना संध्याकाळचं विमान आता दुपारीच पकडावं लागतंय, तीनऐवजी बारा वाजता जमेल का, लिंक तीच. मी मनात म्हटलं, वा हेडफोन. ऐन मुलाखतीच्या दिवशी. मानलं तुला. लगेच हो म्हटलं.
कोट घातला नाही. तीनसाठी ठेवला होता, या लोकांपुढे कशाला चुरगाळायचा. टी-शर्टवर बसलो. समोर काकडीची बशी.
पन्नाशीचे गृहस्थ. मी पहिल्या मिनिटात पकडलं: कॉफीच्या कपाचा कान तुटलेला होता. एवढ्या कंपनीचा भागीदार तुटक्या कपातून पितो होय? पुढच्या वेळी हेडफोनला सांगायला हवं, कपाकडे लक्ष दे.
केस: चष्म्यांची पंधरा दुकानं, नफा निम्म्यावर. खरं सांगतो, इतकी मजा कधी आली नव्हती. कागदही घेतला नाही. काकडी खात खात विचारलं, डोळे फुकट तपासून देता का? हो म्हणाले. मग लोक नंबर तुमच्याकडून काढतात आणि चष्मा दुसरीकडून घेतात, दिवसाला किती तपासण्या आणि किती चष्मे ते दाखवा. त्यांनी आकडे दाखवले. तेच निघालं. बावीस मिनिटं. ते पुढे वाकून ऐकत होते. अभिनय तेवढा चांगला होता.
शेवटी म्हणाले, तुम्हाला काही विचारायचंय? म्हटलं, विचारायचं नाही, फीडबॅक द्यायचाय. चांगल्या गोष्टी दोन: आवाज, आणि मधे बोलला नाहीत. वाईट दोन: प्रश्न गुळमुळीत मांडलात, आणि घड्याळाकडे तीनदा पाहिलंत. शिवाय तो कप. दहापैकी चार. चेहरा उतरला म्हणून साडेचार केले.
त्यांनी कप हळूच बाजूला सरकवला. मग म्हणाले, बरं.
मग म्हटलं, आता तुम्ही उमेदवार. लिफ्टच्या कंपनीची केस घातली: लिफ्ट भरपूर खपतात, तरी तोटा का? गृहस्थांनी सहा मिनिटं मनापासून प्रयत्न केला. विक्रीच्याच मागे लागले, दुरुस्तीच्या करारांकडे गेलेच नाहीत. म्हटलं, रचना नाही तुमच्याकडे. मग ते म्हणाले, विमान गाठायचंय.
मन हलकं झालं. पहिल्यांदाच वाटलं, आपण तयार आहोत. आता येऊ दे तीन.

३.०५
कोट घालून बसलो आहे. लिंक उघडली. स्क्रीनवर अक्षरं: ही मुलाखत पूर्ण झाली आहे.
हेडफोनने लिंकमध्येही काहीतरी करून ठेवलंय. हे अती झालं.

३.४०
कंपनीला कडक पत्र पाठवलं. आपल्या नावाने तोतये फिरत आहेत, एकाला मी आजच ओळखून योग्य ती समज दिली आहे.

संध्याकाळी
हेडफोनला फोन. म्हणाला, मी कोणाला पाठवलं नाही, विसरूनच गेलो होतो. म्हटलं, आता सोंग पुरे. त्याने विचारलं, दिसायला कसे होते? सांगितलं. कप कसा होता? तेही सांगितलं.
मग म्हणाला, माझी मुलाखतही त्यांनीच घेतली, तो कप त्यांचा लाडका आहे.
बायकोला काही सांगितलं नाही. कोट हँगरला लावला.

१९ एप्रिल
तीन दिवस विचार केला. हीच खरी परीक्षा असू शकते. त्यांना बाणेदार माणूस हवा असेल. होयबा सगळीकडेच मिळतात.
आशेला जागा आहे.

२४ एप्रिल, शुक्रवार
बाईंचा फोन आला. त्याच, पावणेबाराच्या. आवाज मऊ होता, तेव्हाच कळलं.
म्हणाल्या, केसमध्ये त्या दिवसाच्या सगळ्या उमेदवारांत तुम्ही पहिले होतात. भागीदारांनी लिहिलंय, हा माणूस केव्हाच तयार होता, इतके दिवस कुठे होता. माझ्याकडून चुकून विचारलं गेलं, किती गुण? नऊ, म्हणाल्या.
नऊ.
मग म्हणाल्या, पण त्याच्या खालीच त्यांनी लिहिलंय की याला ग्राहकापुढे बसवता येणार नाही. दोन वर्षांनी जरूर अर्ज करा.
फोन ठेवताना जरा घुटमळल्या. लिफ्टच्या त्या केसचं उत्तर काय होतं, साहेब विचारत होते. सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.
ते नऊ रद्द करायला मी कारण शोधत होतो. संध्याकाळपर्यंत शोधलं. मिळालं नाही.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती हसेल वाटलं होतं, हसली नाही. तक्त्यांचा गठ्ठा करायला लागली. मीही धरू लागलो. खाली टेबल निघालं, जानेवारीतला वाटीचा गोल डाग तसाच होता. तिने पुसला.
खूप दिवसांनी तिघं बसून जेवलो. आईने पान वाढून घेतलं आणि विचारलं, मग बंद केलं का त्यांनी ते दुकान?
मी म्हटलं, हो आई. दोन वर्षांसाठी.
ती म्हणाली, मी म्हणतच होते.