कॉलनीतला टेनिसचा वस्ताद

२० एप्रिल, रविवार. सकाळी सहा
काल कॉलनीच्या मिटिंगमध्ये मी एकटा उभा राहिलो आणि टेनिस वाचवलं. आमच्या कॉलनीत टेनिस कोर्ट आहे हे कोल्हापुरात फार कुणाला माहीत नाही. कॉलनीतही नाही. बिल्डरनं जाहिरातीत फोटो छापण्यापुरतं बांधलं आणि गेला. चेअरमन विरूपाक्षअण्णांचं म्हणणं, तिथं पत्रा मारून गाड्यांचं पार्किंग करू. मी म्हणालो, पार्किंग कुठंही होईल, पिढी कुठं घडेल? टाळ्या पडल्या नाहीत, पण शांतता पसरली. अण्णा म्हणाले, "आबा, २५ मेच्या मिटिंगपर्यंत पोरं खेळताना दिसली तर कोर्ट ऱ्हाऊ दे. न्हायतर पत्रा." मान्य केलं. महिना भरपूर झाला.

खरं कारण इथं लिहायला हरकत नाही. माझी नात आदिती, वय तेरा. गेल्या वर्षापर्यंत स्कूटरवर माझ्यामागं बसून मंडईत यायची, वाटेत बडबड बडबड. आता मोबाइलमधून डोकं वर काढत नाही. काहीही विचारा, उत्तर एकच, "हं." टेनिस दोघांनी खेळायचा खेळ आहे. संध्याकाळी मी आणि ती. बस्स, एवढंच पाहिजे.

वेळेचा प्रश्न नाही. कागल एमआयडीसीतला आपला कारखाना आता मुलगा चिराग बघतो. 'तुम्ही आराम करा, रोज यायची गरज नाही' असं त्यानं फार प्रेमानं सांगितलं. दोनदा सांगितलं.

२२ एप्रिल
कोर्टाची पाहणी. कोर्ट लाल आहे असं लांबून वाटलं. जवळ गेल्यावर कळलं, मिरच्या. तळमजल्यावरच्या धोंडुबाईंची वर्षाची चटणी व्हायची आहे. बेडगी एकीकडं, संकेश्वरी एकीकडं, मध्ये नेट. मी टेनिसचे फायदे सांगायला सुरुवात केली: हृदय, फुप्फुसं, नजर, एकाग्रता, चारचौघांत वागायची रीत. त्या म्हणाल्या, "आबा, जरा कडंकडंनं चाला, मिरचीवर पाय पडालाय."

वाटाघाटी यशस्वी. अर्धं कोर्ट त्यांचं, अर्धं टेनिसचं. नाहीतरी सुरुवातीला पूर्ण कोर्ट लागतच नाही.

२३ एप्रिल
रॅकेटी आल्या. चिरागला वाटलं कारखान्याचा माल आहे, त्यानं सही करून घेतल्या. रात्री आदितीला एक दिली. तिनं हातात धरली, तारांवर नखानं वाजवून बघितलं आणि हसली. 'हं' नाही, हसली. सौ. साक्षीदार आहे.

२७ एप्रिल, रविवार. रात्री
उद्घाटन दणक्यात झालं. पाच वाजता सुरुवात. हलगी होती, फेटे होते. कोल्हापुरात हलगीशिवाय काही सुरू केलं तर ते सुरू झालंय हे लोकांना कळत नाही. पाहुणे म्हणून माजी नगरसेवक. त्यांचा सत्कार. मग विरूपाक्षअण्णांचा सत्कार. मग अर्धं कोर्ट दिल्याबद्दल धोंडुबाईंचा. मग हलगीवाल्यांचा. मग माझा (याची कल्पना मला होती, कारण शाल मीच आणली होती). दर सत्काराला फेटा बांधायला वेळ लागतो. पोरं रॅकेटी घेऊन कोर्टाच्या कडेला बसली होती, त्यांच्या शिस्तीचं कौतुक वाटलं. नंतर बघितलं तर काही झोपली होती.

शेवटी पाहुण्यांनी पहिला बॉल मारला. तो नेटवरून पलीकडं गेला, म्हणजे फटका उत्तमच, पण मिरच्यांत. पोरं आणायला धावली, मिरच्या उडाल्या, वारं आमच्या दिशेनं. पाहुणे शिंकत शिंकत गाडीत बसले. तेवढ्यात सौ.नं बाल्कनीतून हाक मारली, "दिवस मावळाय आला, जेवायला येतायसा न्हवं?" आम्ही जैन लोक दिवसाउजेडी जेवतो आणि निम्मी कॉलनी आमची. पाच मिनिटांत कोर्ट रिकामं. उद्घाटन संध्याकाळी पाचला ठेवताना हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, असं चिराग म्हणाला. त्याला कार्यक्रमाचा अनुभव नाही.

प्रत्यक्ष खेळ झाला नाही. वातावरण मात्र झालं.

२८ एप्रिल. सकाळी आठ
शिबिराचा पहिला दिवस. वेळ पहाटे साडेपाच. अकरा पोरं! आदिती धरून.

माझी पद्धत स्वतःची आहे. माझे चुलते तालमीतले. पहिले सहा महिने वस्तादांनी त्यांना फक्त माती उकरायला लावली, डाव नाही की पेच नाही. म्हणून चुलते शेवटपर्यंत मजबूत. टेनिसलाही हाच पाया हवा. बॉल लगेच हातात दिला की पोरं हुरळतात. म्हणून पंधरा दिवस बॉल नाही. आधी बैठका, मग कोर्टाला फेऱ्या, मग टेनिसच्या फायद्यांवर माझं छोटं भाषण. रॅकेट शेवटी, तीही नुसती धरायची. वरच्या मजल्यावरचा यशराज, जो दिवसभर फुटबॉल खेळतो, त्यानं विचारलं, "आबा, बॉल कवा मारायचा?" उतावळेपणा हा या पिढीचा मुख्य रोग आहे.

२९ एप्रिल
सहा पोरं. गाळ निघून चालला आहे, उरतील ते सोनं.

३० एप्रिल
दोघं. त्यातला एक दूधवाला. तो थोडा वेळ थांबून ऐकत होता, त्याला आवड दिसते. दुसरी आदिती, तिला सौ.नं उठवून पाठवली होती. बैठका मारताना तिनं जांभई दिली. ऑक्सिजन वाढल्याचं लक्षण.

२ मे
नवी युक्ती. तालमीसारखी व्यायामानंतर बदाम घातलेली थंडाई. कालच कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. आज सतरा पोरं! दोन तर शेजारच्या कॉलनीतली. टेनिसची कीर्ती पसरते आहे.

थंडाई संपल्यावर भाषणाला वळलो तर समोर विरूपाक्षअण्णांचा नातू शिवांश एकटाच. त्याचा ग्लास भरायचा राहिला होता.

४ मे, रविवार
सौ. म्हणते, पोरांना खेळू द्या, खेळ आपोआप आवडंल. बायकांना पायाचं महत्त्व कळत नाही. मग ती म्हणाली, "आदितीला तुमच्यासंगं खेळायचं हाय. परवा मला म्हणाली." हे ऐकून बरं वाटलं. पाया पक्का झाला की खेळूच.

५ मे
आज आदितीच पुढं येऊन म्हणाली, "आबा, तुमी एक बॉल मारून दाखवा की." मी कॉलेजातला किस्सा सांगितला, जिल्हा स्पर्धेत उपांत्य फेरी गाठली होती तो. यशराजनं विचारलं, किती मॅच जिंकला? दोन. कसं? एकाला कावीळ, दुसऱ्याची एसटी चुकली. पोरं का हसली कळलं नाही. हजर राहणं हा टेनिसचा पहिला गुण आहे.

गुडघ्याचं कारण सांगून आजचं टाळलं. उद्या सर्व्हिस दाखवीन. बघतच राहतील.

६ मे
बघतच राहिले.

बॉल वर गेला, मीही वर गेलो. बॉल खाली आला. मी वरच्यावर अडकलो. कमरेत वीज चमकली. यशराज आणि दूधवाल्यानं खांद्याला धरून जिन्यातून वर आणलं. आदितीनं चपला आणल्या. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस पलंग. शिबिर स्थगित. पोरांचं कसं होणार या काळजीनं जास्त दुखतंय.

८ मे. पलंग
खालून सकाळी टक टक आवाज येतो. सौ.ला विचारलं. ती म्हणाली, पाण्याच्या टाकीचं काम काढलंय.

९ मे. पलंग
टाकीचं काम जोरात. कामगार फार खुशीत दिसतात. मध्येच आरडाओरडा करतात, टाळ्या वाजवतात. एकदा तर कुणीतरी "आउट!" असं ओरडलं. माणूस बाहेर निघाला असेल.

११ मे, रविवार. पलंग
आदितीला हाक मारली तर घरात नाही. सौ. म्हणाली, मैत्रिणीकडं. दुपारी आली ती घामाघूम, गाल लाल, आल्या आल्या तांब्याभर पाणी प्यायली. मैत्रिणीकडं एवढं ऊन का, असं विचारलं. "हं," म्हणाली, पण खुशीत. मोबाइल सकाळपासून चार्जिंगला लावलेला तसाच. माझ्या भाषणांचा परिणाम हळूहळू होतो, पण होतो.

१३ मे. पलंग
विरूपाक्षअण्णा भेटायला आले. पायांत चक्क स्पोर्ट शूज, कपाळाला घाम. डॉक्टरनं चालायला सांगितलंय म्हणाले. पार्किंगचा विषय काढला तर म्हणाले, "बघू की, आबा. घाई काय हाय?" डळमळले आहेत. पलंगावरूनसुद्धा माणूस लढू शकतो.

१५ मे
उठलो! कमरेला पट्टा, गळ्यात शिट्टी, पहाटे नाही पण सात वाजता खाली. चमत्कार बघितला. कोर्टावर एकही मिरची नाही. धोंडुबाईंनी आपण होऊन सगळं वरच्या गच्चीवर नेलंय. माझं बोलणं त्यांना तीन आठवड्यांनी पटलं. आणि दहा-बारा पोरं हजर! मला बघून एकदम गप्प झाली. आदरानं. दोनतीन बॉल इकडंतिकडं पडले होते, म्हणजे माझ्या गैरहजेरीत कुणीतरी पाया सोडून भलतंच सुरू केलं होतं. वेळीच आलो. बॉल गोळा करून पिशवीत भरले, शिट्टी फुंकली आणि पहिल्यापासून बैठका सुरू केल्या.

टाकीचं काम आजपासून बंद दिसतं.

१६ मे
चार पोरं.

१७ मे
कुणी नाही. मी एकट्यानं फेऱ्या मारल्या. धोंडुबाई पायरीवर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "आबा, तुमी आजारी हुता तवा बरं चाललं हुतं." माझी तब्येत त्यांना आजारपणातच चांगली दिसली असणार. विश्रांतीनं चेहरा उजळतो.

१९ मे
विचार करून निर्णय घेतला. पोरं मनाला येईल तेव्हा येऊन मनाला येईल तसं खेळू नयेत म्हणून कोर्टाभोवतीच्या जाळीच्या दाराला कुलूप. किल्ली माझ्याकडं. आता शिस्त येईल.

रात्री आदिती जेवली नाही. ऊन बाधलं असेल. तिच्या खोलीत डोकावलो, मोबाइल पुन्हा हातात. विचारलं, उद्या येणार का पहाटे? 'हं'सुद्धा म्हणाली नाही.

२१ मे
कुलूप गायब. सौ.ला विचारलं. तिला काही माहीत नाही, आणि ती माझ्याकडं न बघता भाकरी थापत होती.

२४ मे
उद्या मिटिंग. हजेरीचे आकडे आपल्या बाजूचे नाहीत, हे मान्य करतो. पण भाषण तयार आहे. आरशासमोर दोनदा म्हटलं. शेवटी मी म्हणणार: कोर्ट ठेवा, पोरं येतील. सौ. म्हणाली, "तुमी उद्या गप बसलासा तर बरं." ती माझ्यासाठी घाबरते.

२५ मे, रविवार. संध्याकाळ
मिटिंग झाली.

विरूपाक्षअण्णांनी कोर्टाचा विषय काढला आणि मी लगेच हात वर केला, बोलायला. अण्णा म्हणाले, जरा थांबा, आधी पोरांचं ऐकू. आदिती उभी राहिली. चारचौघांत माझी नात बोलायला उभी राहिली, याचाच मला आनंद झाला. हात तसाच वर ठेवला.

ती म्हणाली, आबा पलंगावर होते तेव्हा आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ खेळलो. मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो. यशराजनं फुटबॉलची पोरं आणली. नियम नीट येत नाहीत, पण मजा येते. धोंडुआज्जींनी मिरच्या उचलल्या. विरूपाक्षआजोबा पण खेळतात, त्यांना धावता येत नाही म्हणून त्यांना दोन टप्पे माफ आहेत. अण्णा लाजले. म्हणाले, "व्हय, खरं हाय. पार्किंग गेलं उडत."

मी हात आणखी उंच केला. जिंकलो होतो.

मग आदिती माझ्याकडं न बघता म्हणाली, आमची एकच अट आहे. आबांनी जाळीच्या आत यायचं नाही. तिचा आवाज शेवटी बारीक झाला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

अण्णांनी विचारलं, अटीसह मंजूर? हात वर करा. पोरांचे झाले, धोंडुबाईंचा झाला, चिरागचा झाला. सौ.नं माझ्याकडं बघितलं, डोळे पुसले आणि हात वर केला. माझा तर आधीपासूनच वर होता. अण्णा म्हणाले, सर्वानुमते.

घरी आल्यावर सौ.ला विचारलं, एवढा का मी वाईट शिकवतो? ती म्हणाली, "शिकवताय चांगलं. खेळू देत न्हाईसा." मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. आदितीनं सांगितलं म्हणून जास्त.

साडेपाचला खाली खेळ सुरू झाला. बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. बाल्कनी जाळीच्या आत येत नाही. आदितीनं एक फटका असा मारला की बॉल रेषेवर पडून कोपऱ्यात गेला. न राहवून टाळी वाजवली. तिनं वर बघितलं आणि सगळा खेळ थांबला. रॅकेटी खाली आल्या.

मी आत आलो. थोड्या वेळानं पुन्हा आवाज सुरू झाला. खुर्ची भिंतीकडं सरकवून बसलोय. इथून दिसत काही नाही, ऐकू सगळं येतं. पोरगीचा बॅकहँड अंमळ उशिरा येतोय.

सांगणार नाही.