दोघांनी उलटायची गादी

बाबा,

आज दुपारी तुमच्या स्प्रिंगच्या गादीवर झोपले. तुम्ही जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि मी त्या गादीला पाठ टेकली ती आज पहिल्यांदा. गुडघ्यांनी हट्टच धरला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून खालून उठताना भिंत धरावी लागते. परवा कर्जतचे डॉक्टर ओरडले, "बाई, घरात पलंग आहे, गादी आहे, मग जमिनीवर कशाला झोपता?" जन्मभर वर्गातल्या मुलींकडून उत्तरं घेतली, पण या एका प्रश्नाचं उत्तर तुम्हालाच द्यायला हवं. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही म्हणाल, झाली का सुरू हिची कटकट. हो, झाली.

कल्याणचं ते दुकान आठवतं ना? तुमच्या पाठीनं दगा दिला होता. वीजघरात फिटर म्हणून उभा जन्म वाकून काढलात आणि आता घोंगडीवरून उठायला तुम्हाला माझा हात लागत होता. मी ठरवलं, बाबांना मऊशार गादी घ्यायची. दुकानात शिरल्या शिरल्या पहिल्याच गादीवर मी बोट ठेवलं. बसलं की माणूस आत जाईल इतकी मऊ होती. तुम्ही तिच्याकडे बघितलंही नाहीत. चपला काढून एकेक गादी तळहातानं दाबत फिरत होतात. "दाबून सोडली का लगेच उठली पायजे. सावकाश उठते ती दमलेली स्प्रिंग." मग कडेवर बसलात, उठलात, परत बसलात. "कड बघावी गं. मानूस कडंवर बसूनच उठतो, पयली बसते ती कडच." दुकानदाराला म्हणालात, शिवण उसव आणि तार दाखव. तो हसायला लागला, मी लाजेनं अर्धी झाले. शेवटी त्यानं कंटाळून कोपऱ्यातले चार टाके उसवले. तुम्ही आत बोट घालून तार चाचपलीत, वरचा काथ्याचा थर नखानं खरवडून बघितलात, आणि निवडलीत ती दुकानातली सगळ्यात टणक, सगळ्यात जड गादी. मी चिडले. "बाबा, पाठ तुमची दुखते. ही काय यंत्रात बसवायची आहे?" तर तुम्ही म्हणालात, "मी किती दिवस निजनार हाय तिच्यावर? तुला जलमभर पुरली पायजे." मला तो विषयच नको होता. स्थळं यायची कधीच थांबली होती, आणि तुम्ही भर दुकानात त्या परक्या माणसासमोर माझं एकटीचं म्हातारपण मांडून ठेवलंत असं मला वाटलं. गादी लोकलच्या सामानाच्या डब्यात चढवली आणि आपलं भिवपुरी स्टेशन येईपर्यंत मी दाराबाहेरच बघत उभी राहिले.

स्टेशनवरून बैलगाडीत घालून गादी गावात आणली तर शेतातल्या बायका लावणी सोडून उभ्या राहिल्या. शेजारची काकी बांधावरून ओरडली, "बाईंचं लगीन ठरलं जनू! आमाला सांगितलं पन नाय!" आपल्याकडे नवी गादी गाडीत चढते ती लग्नाच्या सामानाबरोबरच, तिचं तरी काय चुकलं? मी हसले. तुम्ही बैलांकडे बघत बसलात. घरी आल्यावर पलंगावर गादी घालताना मला बजावलंत, "दर दोन म्हयन्यांनी उलटायची, डोक्याकडची बाजू पायाकडं. आन दोघांनी उलटायची गं. एकट्यानं वढली तर कड मोडंल." 'दोघांनी' म्हणालात आणि थबकलात. मी चहा ठेवायला आत गेले.

चार महिने झोपलात तिच्यावर, बस्स. शेवटच्या आठवड्यात तुम्ही एकच धोशा लावला होता, "मला खाली घे गं." सकाळी तेच, पेज भरवताना तेच. माणूस जायला लागला की त्याला खाली घेतात, एवढं मलाही कळत होतं. तुम्हाला खाली घेणं म्हणजे माझ्याच हातानं ते मान्य करणं होतं. शिवाय रागही होता, खोटं कशाला बोलू? एवढ्या हौसेनं आणली आणि यांना आपली घोंगडीच प्यारी! त्या दुपारी तुम्ही पुन्हा म्हणालात आणि मी वर्गातल्या आवाजात खेकसले, "गप्प पडून राहा. कुठं जायचं नाही खाली." तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मी पेज गरम करून आले तोवर तुम्ही गेला होतात. मग मी एकटीनं तुम्हाला कसंबसं खाली घोंगडीवर घेतलं, आणि त्यानंतरच शेजारी हाक मारली.

खालापूरहून आत्या आली. तिसऱ्या दिवशी पदर खोचून ती तुमच्या खोलीत शिरली. "दादा कशावर गेला गं? ज्याच्यावर गेला ते घरात ठेवायचं नाय. नदीवर सोडायचं." आणि बाबा, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तुम्हाला घोंगडीचं काही नव्हतं. तुम्हाला गादी वाचवायची होती, माझ्यासाठी. आठवडाभर तुम्ही तेवढंच मागत होतात. मी आत्याच्या तोंडाकडे न बघता म्हणाले, "खाली होते. घोंगडीवर." "मंग गादी ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली आणि घोंगडी गुंडाळायला लागली. त्या घोंगडीला तुमचा वास होता, तंबाखूचा आणि वीजघरातल्या ग्रीसचा. माझ्या खोटं बोलण्यापायी ती नदीला गेली. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

त्या गादीवर झोपायची माझी छाती झाली नाही. पलंगाशेजारी खाली सतरंजी घालून झोपत आले. उलटायची मात्र नेमानं, दर दोन महिन्यांनी. हसाल तुम्ही! आत्या होती तोवर तिला बोलवायचे. ती कुरकुरत यायची, "निजतीस तर नाय हिच्यावर, मंग उलटतीस कशाला गं बाय?" पण दुसरी कड धरायची. ती गेल्यापासून एकटीच उलटते. आधी एक कड भिंतीला टेकवायची, मग खांद्यानं रेटायची. एकटं राहायची सवय झाली असं मी सगळ्यांना सांगते. झालेली नाही. आणि गादी उलटायच्या दिवशी तर अगदीच रडू येतं, इतकं की मधेच तिला तशीच उभी ठेवून बसून घ्यावं लागतं.

आज आधी कडेवर बसले, मग हळूच आडवी झाले. टणक आहे हो, पण पाठ सरळ राहते, हे मान्य. दाबून सोडली तर अजून लगेच उठते. मग मी कुशीवर वळून मधला सगळा भाग हातानं चाचपला, उशीपासून पायांपर्यंत. चार महिने एक आजारी माणूस एकाच कुशीवर झोपला होता, कुठंतरी तुमच्या अंगाचा थोडासा खळगा असेल म्हटलं. सापडला नाही. उठून, रेटून गादी उलटली आणि दुसरी बाजूही बघितली. तिथंही नव्हता.

कोणी आलं की मी ऐटीत सांगते, माझ्या बाबांनी निवडलेली गादी आहे, इतक्या वर्षांत जराही बसलेली नाही. हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, तिच्याखालीच सरकवून ठेवते. तुमच्यापाशी मात्र कबूल करते, बाबा. थोडी बसली असती तर बरं झालं असतं.