स्वयंपाकघरातली सभा

३ फेब्रुवारी १९९२
आज गेट दणाणलं! कुलूप लागलेल्या मिलसमोर एवढी माणसं, आणि माझं भाषण संपेपर्यंत एकही जागचा हलला नाही. घरी आले, तर अभिराम ताटावरून उठून गेला. सोळा वर्षांचा पोरगा, महिनाभर माझ्याशी ‘हूं’च्या पुढे शब्द नाही. यांना विचारलं. म्हणाले, तो एक वाक्य बोलतो, तू त्यावर सभा घेतेस. तो काय करेल बिचारा?
खोटं! – नाही, खोटं नाही.

५ फेब्रुवारी
सभाच घ्यायची ना? मग रीतसर घेऊ. युनियनचे नियम घरी आणले. रविवारी जेवणं झाली की स्वयंपाकघरात बैठक. हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही, मधे तोंड घालायचं नाही, शेवटी मतदान. अध्यक्ष संहिता – तेरा वर्षांची, घरात तीच काय ती निःपक्षपाती. अभिराम कुत्सित हसला. हसला तरी!

९ फेब्रुवारी
पहिली सभा. अभिरामला सायन्स सोडून कॉमर्स घ्यायचंय. माझ्या जिभेवर देश, विज्ञान, उद्योग – सगळं तयार. सुरूही केलं. संहितेने वाटीवर चमचा वाजवला.
“आई, भाषण ठोकू नकोस. दादाचं व्हायचंय.”
यांनी मान खाली घालून हसू दाबलं, नाक्यावरच्या पोरांसारखे म्हणाले – “अध्यक्ष कडक आहेत, भिया.”
मग दादा बोलला. गणिताच्या ट्यूशनला जाताना त्याच्या पोटात कळा येतात, हे मला आज कळतंय! मतदान झालं. माझ्या विरुद्ध तिघं. गेटवरच्या कुठल्याही टाळ्यांनी इतका आनंद दिला नव्हता. संध्याकाळी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत सगळ्यांना कचोरी, हरलेल्या पक्षाकडून.

१६ फेब्रुवारी
अभिराम आता सभेची वाट बघत नाही. पोळ्या लाटताना मागे येऊन उभा राहतो, बोलतो. मी लाटत राहते. जिंकलो आपण!

२३ फेब्रुवारी
आज ठराव माझ्याबद्दल – आईने गेटवरही दुसऱ्यांना बोलू द्यावं. अभिराम उभा राहिला.
“आई, मिल आता उघडणार नाही. गेटवर येणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या साचा खात्यातले, मागावरचे बाबूरावकाका म्हणत होते – ताईंना सांगणार कोण, त्या बोलू कुठे देतात?”
संहितेने विरोधात कोण, विचारलं. चमचा हातात तसाच.
मी हात वर केला. विरोधासाठी नाही. परवानगी घेतली आणि अभिरामला विचारलं – बाबूराव आणखी काय म्हणाले?