दुपारी एक वाजून दहा मिनिटांचा कंप

तीर्थस्वरूप भाऊजींना मनापासून नमस्कार. तुमचा खोकला बसला असेल आणि ताईने काढे पाजणं थांबवलं असेल, अशी आशा करतो. आम्ही इकडे खाऊनपिऊन ठीक, झोप तेवढी उडाली होती. हे पत्र वाचून फाडून टाका (ताईला दाखवायचं तर आधी दाखवा, मग फाडा, तिला नाही म्हणायची तुमची छाती नाही, माझीही नाही).

भूकंपमापन केंद्रात मी उपकरणं सांभाळतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शिक्षण, विज्ञान आणि संस्कृती यांसाठी शेजारच्या देशाशी आपला करार आहे. संस्कृतीखाली त्यांचं गायकमंडळ येऊन गेलं, शिक्षणाखाली आमच्या साहेबांचा पुतण्या तिकडे शिकतो आणि विज्ञानाखाली आमच्या नोंदी गेली अकरा वर्षं रोज तिकडे जातात. चार महिन्यांपूर्वी तिथून एक शास्त्रज्ञ आला. सडपातळ, हसरा, आपली भाषा शिकून आलेला. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. भूकंप मोजायला भाषा कशाला लागते?

पुढे तर कहर झाला. त्याने आमच्या कचेरीच्या अकरा वर्षांच्या सुट्ट्यांची यादी मागितली. मग हजेरीपट. त्यात माझं पान दोनदा पाहिलं (शिपायाने सांगितलं, शिपायावर माझा विश्वास नाही, पण बातमी पक्की होती). साहेबांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, पाहुण्याला हवं ते द्या, वरून आदेश आहे. मग मीच पाळत ठेवली. तो जिन्यात की मी जिन्यात, तो चहाला की मी चहाला. एकदा सहज वळून पाहिलं, तर तोच माझ्या मागे, हातात घड्याळ.

आता तुमच्यापासून काय लपवायचं. अकरा वर्षांपूर्वी रक्तातली साखर वाढली, तेव्हापासून डॉक्टरांनी मला दोरीवरच्या उड्या सांगितल्यात. चारचौघांत लाज वाटते, म्हणून जेवणाच्या सुट्टीत, एक वाजून दहा मिनिटांनी, तळघराचं दार लोटून मी दोनशे उड्या मारतो. गेल्या मंगळवारी दीडशेच्या पुढे गेलो असेन, तेवढ्यात दार उघडून पाहुणा आत. मी दोरीसकट थिजलो.

"थांबू नका," तो म्हणाला, "अजून अठ्ठेचाळीस राहिल्या."

मी निमूट पुऱ्या केल्या. मग खोक्यावर बसून त्याने जे सांगितलं, त्याने मला दुसरा घाम फुटला. आमच्या नोंदींत रोज त्या वेळी एक बारीक कंप दिसायचा. सुट्टीला नाही, अधूनमधून आणखी काही दिवस नाही (ते माझ्या रजेचे). त्या वेळी केंद्राजवळच्या आपल्या धरणाची दारं उघडत असणार, असं त्याने प्रबंधात सिद्ध केलं आणि डॉक्टरेट मिळवली. आता त्याच्या दोन विद्यार्थिनी त्याच कंपावर राबताहेत. इथे आल्यावर त्याला कळलं, दारं पहाटे उघडतात.

माझी नोकरी माझ्या डोळ्यांपुढे आली. त्याची पदवी त्याच्या.

"तुम्ही सांगणार?" मी विचारलं.

"तुम्ही?"

कोणीच सांगितलं नाही. काल समारोपाला दोन्हीकडच्या सचिवांनी आमचं सहकार्य आदर्श ठरवलं. तरी त्याच्यावर माझा भरवसा नाही. निघताना त्याने माझं वजन वहीत टिपून घेतलं.

मुलांना आशीर्वाद, ताईला नमस्कार.

तुमचा मेहुणा

ता. क. : करारानुसार आता सहा महिने मला तिकडे जायचंय.

आणखी ता. क. : कंप बंद पडला तर दोन्ही देशांत चौकशी लागेल. तुम्ही निवृत्तच आहात, म्हणून बदली माणूस म्हणून साहेबांना तुमचं नाव दिलंय. ताईकडून खात्री करून घेतली, वजन जुळतं. दोरी तळघरात खिळ्याला आहे. रविवारी मात्र चुकूनही उडी मारू नका.